भत्ता बारावीला संपतो, फी त्यानंतर सुरू होते

संघटनेच्या कामासाठी जयपूरला गेलो असता एक संध्याकाळ आम्ही चारदीवारीत काढली. चारदीवारी म्हणजे सवाई जयसिंहाने १७२७ साली वसवलेले तटाच्या आतले जुने शहर. २०१९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. स्टेशनाकडून आत जाताना चांदपोल दरवाजा लागतो. त्याच्या आत, पुरानी बस्तीतल्या एका हवेलीच्या मागच्या दोन खोल्यांत आमचे एक रेल्वे सहकारी भाड्याने राहतात. हवेलीची पुढची भिंत गुलाबी, मागची पोपडे निघालेली. वारसा यादीत दोन्ही धरल्या असाव्यात.

त्यांची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि शहराबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. घरात पेढ्यांचा बॉक्स होता, पण आनंद कुणाच्या तोंडावर नव्हता. फी वर्षाला एक लाखाच्या वर. चहा झाल्यावर बापाने कपाटातून पगारपत्रक काढले आणि आमच्या पुढे ठेवले. नाव आम्ही देत नाही. कामगाराचे पगारपत्रक ही त्याच्या अंगावरच्या जखमेइतकीच खासगी गोष्ट आहे.

मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, वाहतूक भत्ता मिळून एकूण ७२,६०० रुपये. आता कपात पाहा. पेन्शन वर्गणी ६,२००. सोसायटीचा हप्ता १४,०००. सोसायटीची सक्तीची बचत १,५००. बँकेच्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता ११,०००. हाती उरले ३९,९००. सोसायटीचे कर्ज कशाचे? मायऱ्याचे. बहिणीच्या मुलामुलींच्या लग्नात मामाने नेण्याचा आहेर म्हणजे मायरा, आणि राजस्थानात त्यावर माणसाची अब्रू मोजतात. आपण हसण्याचे कारण नाही, आपल्याकडे मानपान आहे. बँकेचे कर्ज गावाकडच्या घराच्या स्लॅबचे. दोन्ही कर्जे मुलगी नववी-दहावीत असताना घेतलेली. म्हणजे मुलगी कॉलेजचा उंबरा ओलांडण्याआधीच तिच्या शिक्षणाचा पैसा हप्त्यांत वाटला गेला होता.

भुसावळला, मनमाडला, दौंडला, मुंबईच्या टपाल वसाहतींत हेच पगारपत्रक वेगळ्या आकड्यांनी सापडेल. म्हणून हा प्रश्न एका घराचा नाही आणि एका शहराचाही नाही.

आता सरकारचा हिशेब पाहू. केंद्रीय कर्मचाऱ्याला दोन मुलांसाठी शिक्षण भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना २,२५० रुपये झाला, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्याने १ जानेवारी २०२४ पासून २,८१२ रुपये ५० पैसे. मूल वसतिगृहात असेल तर अनुदान ८,४३७ रुपये ५० पैसे. ऐकायला बरे वाटते. पण ही दोन्ही कलमे बारावीला थांबतात. पहिलीच्या मुलाला मिळते, बारावीच्या मुलाला मिळते, आणि ज्या जूनमध्ये कॉलेजची फी, पुस्तके, मेस, खोलीची अनामत असे सगळे एकदम अंगावर येते त्या जूनमध्ये भत्ता बंद. एका मुलामागे वर्षाला ३३,७५० रुपयांची आवक गेली आणि लाखाचा खर्च आला. ज्याने हा नियम केला त्याच्या मते गरीब माणसाचे मूल बारावीनंतर शिकत नसावे.

शैक्षणिक कर्ज आहे ना, असे म्हणतात. आहे. २००१ साली बँकांच्या संघटनेने नमुना योजना केली. २००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आली: तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातले व्याज सरकार भरील. साडेचार लाखांची ही रेघ २००९ ची. तेव्हापासून सातवा वेतन आयोग आला, महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत राहिला, फी तर विचारूच नका. रेघ मात्र जागची हलली नाही. आज मूळ पगार ३५,००० असलेल्या कामगाराचे वर्षाचे उत्पन्न नुसता ५० टक्के महागाई भत्ता धरला तरी ६ लाख ३० हजार होते. तो या योजनेतून बाद. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत मर्यादा आठ लाखांवर नेली, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत ठेवली. पण ती निवडक, वरच्या क्रमांकाच्या संस्थांपुरती आणि वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. चारदीवारीतल्या आमच्या सहकाऱ्याचे उत्पन्न कागदावर ८ लाख ७१ हजार. हाती पडतात पावणेपाच लाखांच्या जरा वर. सरकारच्या लेखी तो सुखवस्तू आहे. किराणा दुकानदाराच्या वहीत काय आहे ते सरकारने विचारलेले नाही.

यावर आमच्यातलाच एखादा म्हणेल, हप्ते वजा करून उत्पन्न धरा. आम्हाला ही मागणी पटत नाही. मग मोटार हप्त्यावर घेणाराही गरीब ठरेल आणि ज्याने पोटाला चिमटा घेऊन कर्ज टाळले तो श्रीमंत. मागणी साधी हवी: मर्यादा महागाई भत्त्याला जोडा. भत्ता वाढला की मर्यादा आपोआप वाढली पाहिजे.

कामगार कर्जात का, हा प्रश्नही जुना आहे. १९३१ साली व्हिटले आयोगाने कामगारांच्या स्थितीचा अहवाल दिला, त्यात निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात असल्याचे आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक असल्याचे नोंदले आहे. तेव्हा पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन पठाण उभा असे. आज काठीची गरज उरलेली नाही, हप्ता पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. १९३६ च्या वेतन कायद्याने कपातीला पगाराच्या निम्म्याची मर्यादा घातली, पण सहकारी सोसायटीची देणी असतील तर ती ७५ टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा ठेवली. कामगाराच्या सोसायटीला ही सवलत देताना हेतू चांगला होता. तिच्यावर मजल्यांवर मजले आपण चढवले.

इथे आम्हाला स्वतःच्या माणसांशीही भांडायचे आहे. सोसायटीची निवडणूक आली की प्रत्येक पॅनेलचे पहिले आश्वासन कोणते असते? कर्जमर्यादा वाढवू. टाळ्या पडतात. मर्यादा वाढते आणि लोक नवे-जुने करतात: जुने कर्ज फेडण्यासाठी मोठे नवे उचलायचे, वरचे चार पैसे घरी न्यायचे, आणि पुन्हा हप्ता पहिल्यापासून सुरू. त्याला जामीन दोन सहकारी. एकाने हप्ता चुकवला तर दुसऱ्या दोघांच्या पगारातून कपात. एका पोराच्या फीपायी तीन घरांच्या चुली मंद झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आणि त्यानंतर एकाच गँगमध्ये, एकाच सॉर्टिंग टेबलावर काम करणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. ही आमच्या एकजुटीला लागलेली कीड आहे, तिच्यावर भाषण कुणी करत नाही.

चारदीवारीतल्या बापाच्या मनात हेच होते. सोसायटीचे नवे-जुने करून पहिल्या वर्षाची फी भरायची. अर्जही भरून ठेवला होता. आम्ही तो अडवला, आणि का अडवला ते इथे लिहितो, कारण पुढच्या जूनमध्ये हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणार आहे.

सोसायटीच्या कर्जाचा हप्ता पुढच्याच पगारापासून सुरू होतो. शैक्षणिक कर्जाची परतफेड शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षाने सुरू होते, आणि तोवर त्यावर सरळ व्याज चालते. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता गहाण टाकावी लागत नाही. शिकताना व्याज भरत गेलो तर व्याजदरात बहुधा एक टक्का सूट मिळते. म्हणून ज्याच्या पगारावर आधीच हप्ते आहेत त्याने फीसाठी शैक्षणिक कर्ज आधी मागावे, सोसायटी सर्वांत शेवटी. आणि हातात चार पैसे येतील ते सर्वांत महागड्या कर्जात घालावेत. क्रेडिट कार्डाचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जाते. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज, गल्लीतला सावकार, हे आधी मिटवा. फी भरायला वैयक्तिक कर्ज काढणे म्हणजे विझवायला रॉकेल ओतणे.

बँक नाही म्हणेल, हे आम्हाला माहीत आहे. बापाचा एखादा हप्ता कधी चुकला असेल, सिबिलचा आकडा खाली असेल, तर मॅनेजर फाइल बाजूला सारतो. केरळ उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितले की सिबिलचा आकडा कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. तो निकाल प्रत्येक शाखेच्या कार्यालयात फाइलला लावून ठेवावा. नकार तोंडी स्वीकारू नये, लेखी मागावा. लेखी मागितला की अर्धे नकार विरघळतात, हा आमचा अनुभव.

भविष्य निर्वाह निधीचे मात्र दोन वर्ग झाले आहेत. २००४ पूर्वी लागलेल्यांना जी.पी.एफ.मधून मुलांच्या उच्च शिक्षणासाठी स्वतःचे पैसे परत न करण्याच्या अटीवर काढता येतात. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना नव्या पेन्शन योजनेत फक्त स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत. आणि नेमक्या याच लोकांची मुले आता अठरा वर्षांची होत आहेत. बिनव्याजी सणाचा अग्रिमही सातव्या वेतन आयोगानंतर गेला. उरला बोनस. रेल्वेचा ७८ दिवसांचा बोनस म्हणजे कमाल १७,९५१ रुपये, कारण हिशेबाला महिना ७,००० च धरतात. तो येतो दसऱ्याला. कॉलेज फी मागते जून-जुलैत.

रेल्वेतला कर्मचारी हितनिधी मुलांना शिष्यवृत्त्या देतो, टपालात कल्याण मंडळाच्या योजना आहेत. रकमा लहान आहेत, पण अर्जच कमी येतात हे लाजिरवाणे आहे. परिपत्रक नोटीस बोर्डावर पिवळे पडते आणि मुदत गेल्यावर कुणीतरी वाचतो.

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली आहे. त्याच्यापुढे जाणाऱ्या निवेदनात शिक्षण भत्ता आणि वसतिगृह अनुदान पदवीपर्यंत, हे कलम पगारवाढीच्या पाठोपाठ असले पाहिजे, परिशिष्टात नव्हे. सोबत पुरावा हवा. या जूनमध्ये ज्यांचे मूल पहिल्या वर्षाला गेले त्यांनी आपल्या पगारपत्रकाची आणि फीच्या पावतीची प्रत, नाव कापून, शाखा सचिवाकडे द्यावी.

चारदीवारीतून निघताना आम्ही हेच म्हणालो, तेव्हा मुलीने उठून कात्री आणली. बापाने नावाची पट्टी कापली आणि उरलेला कागद आमच्या हातात दिला. फाइलमध्ये पहिला तोच आहे.