मालवाहू विमान : निकष कोणता?

मध्यम मालवाहू विमानासाठी भारतीय हवाई दलाने 2023 मध्ये उत्पादकांकडून माहिती मागविली. अपेक्षा होती 18 ते 30 टन भारवहनाची. त्यातून तीन निराळे आराखडे पुढे आले. ब्राझीलच्या एम्ब्राएरचे सी-390 हे दोन जेट इंजिनांचे विमान 26 टन भार वेगाने नेते. लॉकहीड मार्टिनचे टर्बोप्रॉप सी-130जे तुलनेने संथ आणि भारही सुमारे 20 टनच. पण दौलत बेग ओल्डीच्या 16,614 फुटांवरील धावपट्टीवर ते 2013 मध्येच उतरले. एअरबसचे ए-400एम 37 टन, म्हणजे मागणीहून अधिक भार वाहते.

एम्ब्राएरने महिंद्राशी, तर लॉकहीडने टाटांशी 2024 मध्ये हातमिळवणी केली. तथापि, केवळ जुळणी म्हणजे स्वावलंबन नव्हे. रशियासह असेच जेट विमान विकसित करण्याचा 2007 चा करार इंजिनासारख्या मुद्द्यांवरील मतभेदांत विरला आणि 1984 पासून सेवेत आलेल्या एएन-32 विमानांवरील भिस्त कायम राहिली.

म्हणूनच कागदावरील वेग वा टनांपेक्षा दोन कसोट्या निर्णायक ठराव्यात : लडाखच्या विरळ हवेत विमान प्रत्यक्ष किती भार घेऊन उतरते व पुन्हा उडते, आणि दुरुस्ती व सुधारणांचे अधिकार कोणाकडे राहतात. सीमेवरील जवानाची रसद या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.