शेजारची वाटी

चतुर्थीला आम्हां गोमंतकीयांच्या कितीतरी घरी खतखते शिजते. तूरडाळ, नाना भाज्या, नारळाचे वाटण, आमसूल, गूळ आणि ठेचलेली तिरफळे. कांदा-लसणाचे नावही नाही. सुरण एकाच्या परसातला, कणसे दुसऱ्याच्या मळ्यातली, नीरफणस तिसऱ्याच्या झाडाचा. अनेक परसांचा मेळ जमतो, म्हणूनच त्याला गोडी.

अशा पदार्थाची वाटी शेजारी जाई, आणि ती रिकामी परतत नसे. आता उरलेले अन्न शीतकपाटात जाते. शीतकपाटाची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. परंतु त्याला शेजाऱ्याची जागा घेता येणार नाही. वाटी घेऊन गेलेल्या मुलाला शेजारच्या आजींना ताप आल्याचे कळते, त्यांचे औषध संपल्याचेही कळते. त्यांची मांजरसुद्धा त्याला ओळखू लागते. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात मिळत नाही. बंद दाराआड एखादे वृद्ध माणूस एकटे कण्हत असेल, तर त्याची वार्ता या वाटीवाचून कोण आणणार?

कोणी म्हणेल, आज वेळ कोणाला आहे? वाटी पोचवण्यास पाच मिनिटे पुरतात. आम्ही घरी कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवतो. ‘शेजारी’ हा शब्द दोन्हींत एकच आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, ‘एवढी वाटी देऊन ये’ असे आईने सांगितल्यास कपाळाला आठ्या घालू नका. तिने सांगितले नाही, तर आपणहून विचारा.