गढूळ पाण्याची टोळी



ब्लूज म्हणजे काळ्यांचं रडगाणं, अशी आपल्याकडच्या पांढरपेशा रसिकांची ठाम समजूत. मंद दिवा, दारूचा पेला, आणि कोपऱ्यात एक काळा म्हातारा डोळे मिटून कण्हतोय. ह्या चित्राला मी काडी लावायला बसलोय. त्यासाठी मडी वॉटर्स पुरेसा आहे.

खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. जन्म १९१३, मिसिसिपी. तो स्वतः १९१५ सांगायचा. शेतमजुराच्या पोराची जन्मतारीख लिहून ठेवतो कोण? आपल्या बापांना शाळामास्तरांनी सरसकट १ जून चिकटवली, तसलाच कारभार. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवला. ओढ्याच्या चिखलात लोळायचा म्हणून आजी 'मडी' म्हणायची, पोरांनी पुढं 'वॉटर' जोडलं. गढूळ पाणी. आपल्यात दगडू, धोंडू, कचरू असतात तसं. ह्या पठ्ठ्यानं नाव बदललं नाही, ते जगाच्या तोंडी बसवलं.

क्लार्क्सडेलजवळ स्टोव्हॉलचा कापसाचा मळा. गुलामी कायद्यानं १८६५ सालीच संपली होती, पण जमीन गोऱ्याचीच राहिली. काळा माणूस वाट्यानं राबणार, बी-बियाणं आणि पीठमीठ मालकाकडून उधारीवर उचलणार, आणि सुगीला हिशेब मालकाच्या वहीत होणार. वही मालकाची म्हटल्यावर बाकी कुणाच्या अंगावर निघणार हे तुम्हाला सांगायला नको. मडीची शाळा तिसरीच्या आसपास सुटली. सतराव्या वर्षी घरातलं शेवटचं घोडं त्यानं विकलं. पुढं तो सांगायचा, पंधरा डॉलर आले, साडेसात आजीला दिले, साडेसात ठेवले आणि त्यातल्या अडीच डॉलरची जुनी गिटार घेतली. बाटलीचं मानगूट बोटात घालून तारेवर घसरवायचं तंत्र त्यानं सन हाऊसला बघून उचललं. शनिवारी रात्री स्वतःच्याच झोपडीत गुत्ता. हातभट्टी, जुगार, नाच, गाणं. सोमवारी पुन्हा कापूस, पुढं पुढं ट्रॅक्टर.

१९४१ च्या ऑगस्टात तिथं दोन माणसं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आली. एक गोरा, ॲलन लोमॅक्स, अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाचा. दुसरा काळा, जॉन वर्क, फिस्क विद्यापीठाचा संगीतज्ञ. मडीनं स्वतःचा आवाज यंत्रातून पहिल्यांदा ऐकला आणि त्याला कळलं की आपण हे करू शकतो. नंतर टपालानं वीस डॉलर आणि तबकडीच्या दोन प्रती आल्या. नाव लोमॅक्सचं झालं. वर्कनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेली टिपणं बेपत्ता होती, ती छापून यायला २००५ साल उजाडलं. अभ्यास काळ्याचा, अभ्यासक गोरा. ह्यावर वेगळा अंक काढावा लागेल.

१९४३ साली मडी मुकादमाकडं गेला. तासाला साडेबावीस सेंट मिळायचे, त्यानं पंचवीस मागितले. अडीच सेंटांची वाढ! मुकादम खवळला. मडीनं गिटार आणि कपड्यांची पेटी उचलली आणि शिकागोची गाडी पकडली. एकटा नव्हता तो. शिकागोत १९४० साली पावणेतीन लाखांच्या आसपास काळी वस्ती होती, ती १९५० पर्यंत पाच लाखांना टेकली. गाव सोडून गिरणीत आणि गोदीत आलेल्या आपल्या आज्या-आजोबांना हा आकडा समजला असता.

शिकागोत त्याला कागदाच्या कारखान्यात काम मिळालं, नंतर ट्रकवर. रात्री गुत्त्यात वाजवायचा. आणि इथं खरी गंमत सुरू होते. मिसिसिपीच्या झोपडीत लाकडी गिटार ऐकू जायची. शिकागोच्या गुत्त्यात शंभर माणसं एकदम बोलतायत, बाटल्या आपटतायत, तिथं लाकडाचा आवाज मरतो. युद्ध संपायच्या सुमाराला त्यानं विजेवरची गिटार घेतली. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. तार थरथरली की वेटोळ्यात वीज हलते, ॲम्प्लिफायर ती फुगवतो. त्या काळचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर पार पिळले की आवाज फाटायचा. तो फाटलेला आवाज मडीनं ठेवला. दुरुस्त केला नाही. कारखान्यात आठ तास काढलेल्या माणसाच्या कानाला तोच खरा वाटला असणार, असं मला वाटतं. पाळी संपल्यावर माझ्याही कानात क्रेन तासभर चालूच असते.

आता टोळी. बँड हा शब्द मला शोभेचा वाटतो. गोदीत टोळी म्हणजे वर विंचवाला, हॅचच्या तोंडाशी इशारा देणारा, खाली माल लावणारे. एकाचा हात चुकला तर पोलादाची कॉइल दुसऱ्याच्या अंगावर. मडीची टोळी तशीच जमली. दुसऱ्या गिटारीवर जिमी रॉजर्स. ढोलावर, कधी गिटारीवर, 'बेबी फेस' लिरॉय फॉस्टर. आणि तोंडाच्या बाजावर लिटल वॉल्टर, लुइझियानाचा विशीही न गाठलेला पोरगा, मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात वाजवून पोट भरणारा. वॉल्टर स्वस्तातला माइक बाजासकट दोन्ही ओंजळींत धरायचा. चार आण्याच्या बाजातून सॅक्सोफोनला लाजवील असा घोंगावता आवाज. ही पोरं रात्री दुसऱ्यांच्या क्लबात घुसायची आणि तिथल्या वाजवणाऱ्यांची हवा काढून यायची. स्वतःला 'हेडहंटर्स' म्हणवायची. मुंडकी उडवणारे!

पण तबकडीवर ही टोळी लगेच आली नाही. कंपनी चेस बंधूंची. पोलंडहून आलेले ज्यू, स्वतःही स्थलांतरित. १९४८ साली मडीची गिटार आणि बिग क्रॉफर्डचा बास, एवढ्यावरच तबकडी काढली. ती शिकागोत एका दिवसात उडाली, खुद्द मडीला प्रत मिळताना मारामार. झालं, चेसला वाटलं हेच विकतं, ह्यात हात घालायचा नाही. गुत्त्यात पाच जणांचा गडगडाट आणि तबकडीवर दोघंच, असं काही काळ चाललं. पन्नास सालानंतर हळूहळू टोळी आत आली. ओटिस स्पॅन पियानोवर बसला. १९५२ ला वॉल्टरच्या स्वतःच्या 'ज्यूक'नं धुमाकूळ घातला आणि तो बाहेर पडला. मडीनं बोंब मारली नाही, त्या जागी दुसरा पोरगा बसवला, मग तिसरा. वॉल्टर पुढंही त्याच्या तबकड्यांवर वाजवत राहिला. आपल्या संघटना फुटतात तेव्हा पहिल्यांदा एकमेकांचे फोटो फाडतात, हे जाता जाता.

१९५८ साली तो इंग्लंडला गेला. तिथल्या जाणकारांना हवा होता अनवाणी शेतमजूर, लाकडी गिटारवाला. हा उभा राहिला झकास सुटात, आणि विजेवरची गिटार किंचाळली. वर्तमानपत्रं कुरकुरली. १९६३ ला परत गेला तेव्हा शहाणपणानं लाकडी गिटार नेली, तोवर तिथल्या पोरांना विजेचीच चटक लागलेली! म्हंजे माणूस एकच, आणि तो कसा दिसावा हे दर वेळी ऐकणारा ठरवणार. आमच्या कवितेत शिवी नसली तर 'अस्सल वाटत नाही' म्हणतात आणि असली तर 'भाषा सांभाळा' म्हणतात, तेच हे.

पैसा कुठं गेला ते बघा. त्याच्या १९५० च्या तबकडीवरून नाव घेऊन रोलिंग स्टोन्स कोट्यधीश झाले. निदान ती पोरं त्याचं नाव तरी घेत होती. विली डिक्सननं लिहिलेलं आणि मडीनं १९६२ साली गायलेलं गाणं लेड झेपेलिननं १९६९ मध्ये स्वतःच्या नावावर वापरलं. डिक्सननं १९८५ मध्ये खटला भरला तेव्हा तडजोड झाली. त्याआधी १९७६ च्या सुमारास मडी आणि डिक्सन दोघांनी हक्कांच्या पैशांसाठी चेसशी जोडलेल्या प्रकाशन कंपनीवर दावा लावला, तोही कोर्टाबाहेर मिटला. मळ्यातली वही शिकागोपर्यंत आली होती, फक्त पुठ्ठा बदलला.

१९६९ च्या मोटार अपघातात तीन माणसं मेली. मडी वाचला, पण कंबर मोडली. पुढं बहुधा बसूनच वाजवायचा. १९७२ साली, ज्या वर्षी ऑकलंडच्या काळ्या पँथरचं नाव मुंबईत आलं, त्याच वर्षी त्याला पहिला ग्रॅमी मिळाला. वय अठ्ठावन्न. १९७७ मध्ये जॉनी विंटर ह्या गोऱ्या पोरानं त्याला पुन्हा जोरात वाजवायला लावलं आणि म्हातारा खरोखर पेटला.

हे सगळं सांगून शेवट झाकून ठेवला तर मी भाट होईन. १९८० साली मडीचा जवळजवळ सगळा बँड त्याला सोडून गेला. कारण पैसा. मॅनेजर आणि मालक जास्त मिळवतायत, आम्ही त्याच मजुरीवर, अशी त्यांची तक्रार. अडीच सेंटांसाठी मळा सोडणारा माणूस आता टेबलाच्या पलीकडं बसला होता. मॅनेजरकडं बोट दाखवणारे दाखवतात. पण बँडवर नाव मडीचं होतं, उत्तरही त्यानंच द्यायला हवं होतं.

३० एप्रिल १९८३ ला तो झोपेत गेला. निघून गेलेल्यांनी तोवर आपला वेगळा बँड काढला होता. त्यातले पियानोवाला पाइनटॉप पर्किन्स आणि ढोलवाला विली स्मिथ ह्यांनी एकत्र काढलेल्या अल्बमला २०११ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळाला. पर्किन्स तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचा होता. मार्चमध्ये तो गेला, सप्टेंबरात स्मिथ.