एका वाटेवरच्या दोन गाठी

घास छातीत अडकू लागतो. प्रथम भाकरी, मग मऊ भात, पुढे पाणीसुद्धा. एंडोस्कोपीत अन्ननलिकेत गाठ दिसते, बायोप्सी कर्करोगाचे निदान करते. क्वचित त्याच अहवालात आणखी एक ओळ असते: जठरातही गाठ आहे. ‘पसरला!’ असे म्हणून घर हबकते. ही घाई अनाठायी आहे.

दोन्ही गाठी परस्परांपासून स्वतंत्र असू शकतात. वॉरेन आणि गेट्स यांनी १९३२ मध्येच यासाठी कसोटी सांगितली : दोन्ही गाठी कर्करोगाच्याच हव्यात, वेगवेगळ्या हव्यात आणि एक दुसरीचा प्रसार नाही, हे सिद्ध व्हायला हवे. अन्ननलिकेचे अस्तर चपट्या पेशींचे, जठराचे ग्रंथींचे. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली फरक बहुधा ओळखता येतो. ‘गिस्ट’ नावाची गाठ मात्र अस्तराखाली, स्नायूंच्या थरात वाढते. साध्या बायोप्सीचा चिमटा तिथवर पोहोचेलच असे नाही. अशा वेळी एंडोस्कोपीतूनच सोनोग्राफी करून सुईने नमुना घ्यावा लागतो.

हा खटाटोप कशासाठी? प्रसार ठरला, तर शस्त्रक्रियेचा विचार बहुधा मागे पडतो; गाठी स्वतंत्र आणि मर्यादित असतील, तर दोन्ही काढून रोग समूळ नाहीसा करण्याची आशा उरते. शिवाय अन्ननलिका काढल्यावर तिच्या जागी सहसा जठराचीच नळी करून वर ओढली जाते. तिचा रक्तपुरवठा मुख्यतः जठराच्या मोठ्या वळणालगतच्या रक्तवाहिनीतून होतो. लहान वळणावरील छोटी गिस्ट त्या नळीसाठी कापून टाकायच्या भागाबरोबर निघू शकते. कर्करोगासाठी जठरच काढावे लागले, तर मोठे किंवा लहान आतडे वापरावे लागते. हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रथमच उमगू नये.

तंबाखू दोन्ही अवयवांना बाधते, मद्यही. ते सांगून झाले आहे, पुन्हा सांगत नाही.

अन्ननलिका गाठीने फारच अरुंद झाली असेल, तर दुर्बीण पुढे सरकत नाही आणि जठर न पाहताच तपासणी संपते. म्हणून अहवाल हाती येताच डॉक्टरांना विचारा, ‘दुर्बीण जठरापर्यंत गेली होती का?’ गेली नसेल, तर बारीक दुर्बिणीने पाहता येईल का, आणि सीटी स्कॅनमध्ये जठर कसे दिसते, हेही विचारा. बायोप्सीचे ब्लॉक आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घेऊन जपून ठेवा. दुसऱ्या तज्ज्ञाला नुसता कागद पुरत नाही.