घरच्या वाय-फायची किल्ली

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथे एका अमेरिकी नागरिकाच्या सदनिकेत पोहोचले. संगणक ताब्यात घेतले गेले, चौकशा झाल्या. परक्यानेच त्या घरचे असुरक्षित वाय-फाय वापरले होते, हे तपासात पुढे आले.

राउटरला जोडलेले मोबाईल बाहेरच्या जगाला सहसा निरनिराळे दिसत नाहीत. दिसतो तो एक आयपी पत्ता, आणि सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदीत त्यापुढे ग्राहकाचे नाव असते. पहिली थाप त्याच्याच दारावर पडते.

सही केलेला कोरा धनादेश गल्ल्यावर ठेवण्याचा प्रमाद कोणताही व्यापारी करणार नाही. वाय-फायचा पासवर्ड मात्र पुष्कळदा दुकानाच्या पाटीवरचा मोबाईल क्रमांकच असतो! तो दिवाणजींना ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलालाही ठाऊक. पाटी न वाचताही केवळ दहा अंकांचा असा पासवर्ड आजचा वेगवान संगणक काही तासांत हुडकू शकतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड त्याला सहजी दाद देत नाही.

राउटरला आणखी एक पासवर्ड असतो, तो त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. जोडणी करून देणारा माणूस पुष्कळदा तो कारखान्याचाच ठेवून जातो. तो प्रथम बदलावा. सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए ३, निदान डब्ल्यूपीए २ असावा. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ मध्येच फोल ठरली आहे. डब्ल्यूपीएस ही बटण दाबून जोडण्याची सोय बंद करावी. वाय-फायचे नाव लपविल्याने फारसे काही साधत नाही.

पाहुणे व नोकरवर्ग यांच्यासाठी बहुतेक राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ असते. हिशेबाचा संगणक आणि नेट बँकिंगचा मोबाईल मुख्य जोडणीवर ठेवून इतरांना ही दुसरी द्यावी. पाहुण्यांना नकार देण्याचा संकोचही त्यामुळे टळतो.

महिन्यातून एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. घरचे मोबाईल, टीव्ही, सीसीटीव्ही मोजून झाल्यावर अनोळखी नाव उरलेच, तर पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. प्रत्येक उपकरणात तो पुन्हा भरावा लागेल आणि घरात थोडी कुरकुर होईल.