उशाखालचे पिस्तूल कोणाचे रक्षण करते?

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यात परवान्याचे शस्त्र बाळगणारे एक युक्तिवाद हमखास करतात. रात्री दरोडेखोर शिरल्यावर कपाटाच्या किल्ल्या शोधत बसायचे काय? शस्त्र भरलेले आणि हाताशी असेल तरच त्याचा उपयोग! हे बिनतोड वाटते, पण त्यात घरात हात एकाचेच आहेत असे गृहीत धरलेले असते. 11 डिसेंबर 2007 रोजी गुडगावच्या युरो इंटरनॅशनल शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी चौदा वर्षांच्या सहाध्यायाला गोळ्या घातल्या. पिस्तूल त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांचे होते. दरोडेखोर कदाचित जन्मात येणार नाही. मूल मात्र रोज त्याच खोलीत वावरते. शिवाय लवकर उघडणारी, बोटाच्या ठशावर चालणारी छोटी तिजोरी आता मिळते, तेव्हा किल्ल्यांची सबबही उरत नाही.

खरा धोका बेकायदा कट्ट्यांचा, परवानाधारकांना कशाला छळता, असा दुसरा आक्षेप असतो. गोळीबाराच्या बहुसंख्य खुनांत बेकायदा शस्त्रे असतात, हे खरेच आहे. पण नोव्हेंबर 2025 मध्ये गुरुग्राममध्ये अकरावीतल्या मुलाने वर्गमित्रावर गोळी झाडली, ती वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलातून, असे पोलिसांनी सांगितले. परवाना माणसाची पारख करतो, कपाटाची नाही. आणि उघड्यावरचे परवान्याचे शस्त्र चोरीला गेले, की तेही त्याच क्षणी बेकायदा शस्त्रांत जमा होते.

आम्ही जाणकार आहोत, मॅगझिन काढून ठेवतो, हा तिसरा दावा सर्वांत घातक आहे. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये चढलेली गोळी तिथेच राहते. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे, आणि हे सारे करताना नळी निर्धोक दिशेला व बोट चापाबाहेर ठेवायचे. तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंग रेंजवर 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत राही सरनोबत आणि अनिसा सय्यद यांनी 25 मीटर पिस्तुलाचे सांघिक सुवर्ण जिंकले. अशा कसलेल्या नेमबाजांनाही नेमबाजी थांबताच चेंबर रिकामे असल्याचे दाखवणारी सुरक्षा-पट्टी शस्त्रात घालावी लागते. जिथे कौशल्य सर्वाधिक, तिथेही भिस्त कौशल्यावर न ठेवता शिस्तीवर ठेवतात.

कायद्याने ही दिशा ओळखली आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला हाताळणीचे व साठवणुकीचे प्रशिक्षण सांगितले. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या धोकादायक गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, म्हणजे तपासणीची संधी लांबली. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी केवळ कागद पाहू नयेत. शस्त्र कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात आणि किल्ली परवानाधारकाकडेच आहे, याची घरी जाऊन खातरजमा करावी. ज्याला एवढी शिस्त जाचक वाटते, त्याला शस्त्राचा परवाना देऊ नये.