सीताबर्डी ते अंबाझरी : पाण्याच्या वाटेने

शहराची माहिती नकाशावरून आणि सरकारी दफ्तरांतील अहवालांवरून मिळत असली, तरी त्याच्याविषयीची आस्था त्याच्या भूमीवरून पायी चालल्यावाचून उत्पन्न होत नाही. आणि ज्या नागपूरचा संसार एका लहानशा नदीवर व तिच्या आसपासच्या तलावांवर उभा राहिला, त्या नागपुरात तर असे पायी हिंडणे हे नागरिकाच्या कर्तव्यांत गणले पाहिजे. सीताबर्डीहून निघावे, फुटाळ्यावरून अंबाझरी गाठावी आणि नागनदीच्या वाहत्या दिशेने पुन्हा सीताबर्डीस यावे, अशी दहा-बारा किलोमीटरांची वर्तुळाकार वाट महानगरपालिकेने अखंड, सावलीची आणि निर्वेध करून द्यावी, अशी माझी मागणी आहे.

या वाटेचा आरंभ ज्या टेकडीपाशी होतो, तेथे १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा व इंग्रज यांची लढाई होऊन नागपूरच्या राज्याचे भवितव्य ठरले. तेथून भोसल्यांच्याच महाराजबागेवरून अमरावती मार्गाने पश्चिमेस जावे, तो दुकानांची दाटी विरळ होत जाते आणि फुटाळ्याचे विस्तीर्ण जल दृष्टीस पडते. पुढे विद्यापीठाच्या परिसरातील वृक्षराजीतून दक्षिणेकडे वळले, की अंबाझरी येते. नागनदीला बांध घालून १८७० च्या सुमारास निर्माण केलेल्या या तलावाने एके काळी शहराची तहान भागवली. त्याला लागून असलेले सुमारे साडेसातशे हेक्टरांचे रान आज वनखात्याच्या अंमलाखाली जैवविविधता उद्यान म्हणून राखलेले असून, गवताळ माळ, झुडपी जंगल आणि पाणथळ काठ असे तिन्ही प्रकार एकाच ठिकाणी असल्यामुळे तेथे पक्ष्यांची वस्ती विपुल आहे. शहरातून अशा रानाच्या उंबरठ्याशी पायी पोचता यावे, हे भाग्य फार थोड्या नगरांच्या वाट्यास येते. परंतु ते भोगण्यास मोटारीवाचून गत्यंतर नसेल, तर ते सर्वांचे भाग्य कसे म्हणावे?

तथापि या वाटेचे खरे महत्त्व परतीच्या प्रवासात आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहू लागली आणि तलावाखालच्या वस्त्यांतून झोपलेल्या माणसांच्या घरांत पाणी शिरले. त्यात प्राणहानी झाली, असंख्य कुटुंबांची चीजवस्तू नष्ट झाली, पंचशील चौकातील पूल खचला, आणि सांडव्यापुढील अडथळ्यांचा व आक्रसलेल्या पात्राचा मामला उच्च न्यायालयात गेला. सांडव्यापासून अंबाझरी ले-आउट, शंकरनगर आणि रामदासपेठ ओलांडून सीताबर्डीपर्यंत जो मनुष्य चालत येईल, त्याला नदी कोठे रुंद आहे, कोठे भिंतींच्या कैचीत सापडली आहे आणि कोणत्या पुलाखाली कचरा तुंबला आहे, हे समजावण्यास तज्ज्ञांच्या समितीची आवश्यकता उरणार नाही. जी नदी हजारो डोळ्यांसमोर नित्य असते, तिच्या पात्रात भर घालण्याचे धाडस सहजासहजी होत नाही; जी घरांच्या मागे दडवली जाते, तिचा संकोच कोणाच्या हरकतीवाचून चालू राहतो.

यावर कोणी म्हणेल, की नागपूरच्या वैशाखात, पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढला असता, चालणार कोण? या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच कडुनिंब, करंज, वड अशा छायावृक्षांची सलग रांग, ठिकठिकाणी पिण्याचे पाणी व बसण्यास ओटे यांची तजवीज या योजनेत प्रथम झाली पाहिजे. थकलेल्या वृद्धास सुभाषनगरच्या स्थानकावरून मेट्रोने परतता येते, ही सोय तयारच आहे. उरते ते पदपथ जोडण्याचे, त्यांवर उभी राहणारी वाहने हटवण्याचे, मोठ्या चौकांत पादचाऱ्यास पुरेसा वेळ देण्याचे आणि नदीकाठी जेथे पात्राला बाध येणार नाही तेथे पाऊलवाट आखण्याचे काम. यासाठी महानगरपालिका, वनखाते व विद्यापीठ यांनी आपापल्या हद्दींचा आग्रह बाजूस ठेवून एक सामायिक नकाशा मंजूर करावा आणि वाटेच्या दुरुस्तीची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावे लिहून द्यावी.

पुराच्या निवारणासाठी भिंती, दरवाजे आणि यंत्रे यांवर खर्च होणे अपरिहार्य आहे व तो व्हावाच. पण त्या खर्चाचा जाब विचारणारा जाणता नागरिक कोणत्याही निविदेने मिळत नाही. तो अशा वाटांवर घडतो, आणि शाळेतील मुलांना वर्षातून एकदा जरी शिक्षकांनी या वर्तुळातून चालवत नेले, तरी पुढच्या पिढीला आपल्या पाण्याचा मार्ग पाठ असेल. महानगरपालिकेने आगामी अंदाजपत्रकात या वाटेसाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि नागपूरकरांनी ती होईपर्यंत आपला आग्रह सोडू नये.